उलटी बाही

मुतगेकरांच्या दुकानातून कापड आलं तेव्हा
त्यावर काहीच नव्हतं.
पांढऱ्यात थोडा ताकाचा रंग,
चुरगाळलं की खळीचा वास.
चिठ्ठीवर मापं : छाती छत्तीस, उंची बेचाळीस,
बाही पाऊण, सलवार, ओढणी,
खाली तांबड्या पेनानं : कसुती हवी. घाई आहे.

मी खडूच्या रेघा मारल्या, कातरी लावली नाही.
आधी ते निंगव्वाकडे जातं.
पेन्सिल नाही, छाप नाही.
ती उंबऱ्याशी पाय लांब करून बसते
आणि कापडाचं सूत मोजते, उभं, आडवं :
ओंद, एरड, मूर, नाक.
वडगावात राहून मला पंचवीस वर्षं झाली,
तिच्या चारला अजून हसू येतं.
‘नाक कुठाय गे?’ मी विचारते.
ती सुई माझ्या नाकापुढं नाचवते,
मोजणी चुकते, शिव्या देते.
कानडीत की मराठीत, ते शिवीवर अवलंबून.

गवंती म्हणतात त्या टाक्याला.
नावात गाठ, कापडात कुठंच नाही.
दोरा जाताना एक घर सोडून जातो,
परतताना सुटलेली घरं भरत येतो.
कापड उलटं करून बघा :
तोच रथ, तीच तुळस, तेच पोपट.
लपवायला मागं काही उरत नाही.
माझ्या शिवणी मात्र सगळ्या आत तोंड करून,
ओव्हरलॉक, सैल ठेवलेला इंच,
कमी पडलेल्या जागी घातलेली कळी.

अठरा दिवसांनी कापड परत आलं.
गळ्याला मेंथीचे दाणे, बाह्यांना पोपटांची रांग.
बाहीला मेंथी नको, दंडाला टोचते,
असं मीच तिला सांगितलं होतं.
त्या रात्री लाईट गेली.
गल्लीतले माग एकदम गप्प झाले,
इतके गप्प, की शेजारच्या घरातलं
भांडण शब्दन् शब्द ऐकू आलं.
मी मेणबत्ती लावली, पायमशीन पुढं ओढली.

सकाळी इस्त्री करताना दिसलं :
उजव्या बाहीवरचे पोपट पुढं बघत होते,
डाव्या बाहीवरचे
पाठीकडं.
बाही उलटी जोडली गेली होती.
कापडानंही सांगितलं नाही,
त्याला कुठं माहीत होतं आपली सुलट कोणती.

उसवायचा चिमटा हातात धरून बसले.
सूत बारीक, भोकं राहिली असती.
तेवढ्यात निंगव्वा आली, मजुरीसाठी.
चष्मा नाही, तरी उंबऱ्यातूनच बघितलं,
आणि पदर तोंडाला लावून हसली, खोकेपर्यंत.
‘इरली बिडु,’ म्हणाली.
‘ह्येनं म्होरं बगावं, त्येनं मागं.
कोण तरी मागं बगाय पायजे की.’
मग लगेच : ‘चारशे आधी दे.’

मी खडेबाजारात गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं.
कुठल्या तरी बोर्डावर रात्री काळं फासलेलं,
पोलिसांची गाडी कोपऱ्यावर, पोलीस चहाला.
वाकून आत शिरले.
मुतगेकरांनी कुडता उलटा केला, सुलट केला,
शिवण ओढून बघितली, बटणं मोजली,
नखानं मेंथीचा एक दाणा खरवडून बघितला.
पोपटांशी त्यांची नजरानजर झाली नाही.
उशीर झाला म्हणून वीस रुपये कापले.

हुक्केरीच्या कुणा डॉक्टरीणबाईंचा तो सेट.
कोरा असताना बसला असेल नीट,
पहिल्या धुण्यात अर्धा इंच आटला असेल.
सुती आटतंच. मी उंचीत धरलं होतं.
त्या हात वर करून पंखा लावत असतील,
कुणाची नाडी बघत असतील,
आणि डाव्या दंडावरचे सात पोपट
मागं कोण उभं आहे ते बघत असतील.
त्यांनी कळवलं नाही काही.

परवा दुसऱ्या कुडत्याची काजं करत होते,
एकटीच, दुपारची,
माग चालू, काही ऐकू येत नव्हतं.
मोजत होते मोठ्यानं :
एक, दोन, तीन,
नाक.
मग पाचवं काज.